पुलावरचे पिंपळ

सालेकशाच्या किराणा दुकानातून सगळ्यात जास्त हिंग नेणारा माणूस एकटा राहायचा. भात, वरण आणि वांग्याची भाजी, याच्यापलीकडे त्याच्या चुलीवर काही चढत नसे, आणि त्यातही हिंग पडत नसे. दुकानात चार गिऱ्हाइकं असली की दुकानदार मुद्दाम मोठ्याने विचारायचा, काकाजी, घरी पंगत आहे की काय? काकाजी पुडी पिशवीत टाकायचे आणि निघायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, आणि बाकीच्यांबरोबर हसलेही. तो हिंग पिंपळांसाठी असतो हे मला नंतर कळलं.

मी रेल्वेत ज्युनियर इंजिनियर. गाव नाशिककडचं, पहिलीच नेमणूक सालेकशाला. पूल, मोऱ्या आणि रुळांच्या दोन्ही अंगांना माजणारा झाडझडोरा, असं सगळं माझ्याकडे होतं. कॉलेजात शिकताना पूल म्हणजे दगड, लोखंड आणि वजनाची गणितं वाटायची. इथे आल्यावर पहिल्याच वर्षात कळलं की पूल म्हणजे मुळं. पाखरं पिंपळाची फळं खातात, पुलावर येऊन बसतात, दगडांच्या सांध्यात बी पडतं. तीन-चार पावसाळ्यांत बोटाएवढं मूळ भिंतीत शिरतं आणि आतून दगड ढकलायला लागतं. नाल्यातली बेशरम, कड्यांवरची, आमच्याकडे घाणेरी म्हणतात ती रायमुनिया, खडीत उगवणारं गाजर गवत, वळणावर दिसेनासं करणारी सुबाभूळ, यांना कापायला हवी तेवढी माणसं मिळतात. पिंपळाला हात लावायला कोणी मिळत नाही.

आमच्या टोळीचा मेट, म्हणजे रुळांवर काम करणाऱ्यांचा म्होरक्या, फार सज्जन माणूस होता. पुलावरचे पिंपळ काढा असं लेखी दिलं की तो टोळी घेऊन जायचा आणि संध्याकाळी ‘काढले’ असं लेखी द्यायचा. एकदा मी स्वतः जाऊन पाहिलं. वरच्या फांद्या छाटलेल्या, बुंधा जागच्या जागी, आणि बुंध्याला हळदकुंकू. म्हणजे माफीही मागून झालेली. त्यांच्या मते त्यांनी हुकूमही पाळला होता आणि पिंपळही कापला नव्हता, नुसता विंचरला होता. छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने मुळं सोडतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी मेटला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि तो एवढंच म्हणाला, “म्याडम, माह्या घरी दोन पोट्टे आहेत.”

पिंपळाचा बुंधा कापणाऱ्याचा वंश चालत नाही, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला नव्हतं. मग मेटनेच मला काकाजींकडे पाठवलं.

काकाजी याच टोळीतून निवृत्त झालेले. आता ठेकेदाराकडे झाडझडोरा काढायच्या कामावर होते. साठी उलटलेली, उंच, खांद्यातून वाकलेले, डोक्याला गमछा, आणि हातात कायम गिरमिट. लाकडाला भोक पाडायचं हे हाताने फिरवायचं हत्यार सुतारांनीही टाकून दिलंय, पण काकाजी ते रोज तेल लावून पुसायचे. पिंपळ काढायची त्यांची रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी ते त्या झाडापाशी जायचे आणि त्याला सांगून यायचे. त्यात मंत्रबिंत काही नसे, मी मागे उभी राहून ऐकलंय. “उद्या येऊन राहिलो. तुह्या अंगावर कोनी राहत असन त सांगून ठेव. नाल्यावरच्या मोठ्या पिंपरावर जागा आहे.” त्यांच्या जिभेला ळ नव्हता, पिंपळ त्यांचा पिंपर होता. परत येताना ते त्या नाल्यावरच्या मोठ्या पिंपळाखाली हळदीचे तांदूळ ठेवायचे, लग्नाचं आवतण देताना ठेवतात तसे. पाहुणे येणार आहेत, सांभाळून घ्या, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या अंगात दयामाया नसे. झाड भिंतीलगत कापायचं, राहिलेल्या मुळात गिरमिटाने तिरपी भोकं पाडायची, त्यात हिंग आणि चुना कालवून ठासायचा, वरून सिमेंट. वर्षभराने येऊन ते नखाने साल खरवडून पाहायचे. आतून हिरवी निघाली तर त्या दिवशी जेवत नसत. वरच्या ऑफिसातून मुळं मारायच्या औषधाचे डबे आले होते. काकाजींनी ते वास घेऊन बाजूला ठेवले. मी कारण विचारलं तर म्हणाले की हे पावसात वाहून नाल्यात जाते, आणि नाल्याचं पानी ढोरं पितात. गाजर गवतावर फवारणी असली की ते एक दिवस आधी रुळालगतच्या सगळ्या वाड्यांवर हिंडून शेळ्या बांधून ठेवा म्हणून सांगून यायचे. कोणाला कल्पना दिल्याशिवाय काही करायचं नाही, मग तो शेळीवाला असो की पिंपळ, असा एकूण प्रकार होता.

बेशरमेशी मात्र ते बोलायचे नाहीत, भांडायचे. नाल्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून त्या गुलाबी फुलांच्या झुडपांना असल्या शिव्या द्यायचे की मी दूर जाऊन नोंदवहीत काहीतरी लिहीत बसायची. “हिले कापून फेकलं त जिथं पडते तिथं राहाले लागते,” ते म्हणायचे, “लाज नाही त नाही, थकवाही नाही हिले.” रायमुनियाबद्दल त्यांचं मत थोडं बरं होतं, कारण तिची काळी फळं त्यांनी लहानपणी खाल्ली होती. वळणावरची सुबाभूळ काढून झाली की ते मला रुळाच्या बाजूला उकिडवं बसायला लावायचे, आणि लांब सिग्नलपाशी उभ्या असलेल्या मेटची लाल टोपी दिसते का विचारायचे. मी उभ्याने दिसते म्हटलं तर चालत नसे. खडी भरणारा माणूस वाकलेला असतो, त्याला वाकून गाडी दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे मला पुस्तकात कोणी शिकवलं नव्हतं.

सालेकशात मला बोलायला माणूस नव्हतं. ऑफिस सुटलं की खोली, खोलीत पंखा, आणि नऊच्या सुमाराला आईचा फोन. मोहाचा हंगाम आला की रस्ताभर तो गोड जड वास, आणि बाया पहाटेपासून टोपल्या घेऊन जंगलात गेलेल्या. मला वाटायचं, या गावात प्रत्येकाला कुठेतरी जायचं असतं, मला आणि काकाजींनाच नसतं. म्हणून मी रविवारी त्यांच्या घरी चहाला जाऊ लागले. घर लख्ख सारवलेलं, अंगण झाडलेलं, आणि अंगणात हिरवं पान नाही. तुळसही नाही. काकी होत्या तोवर होती, त्या गेल्या आणि ती वाळली, मग परत लावली नाही. दिवसभर तेच तर पाहतो, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

एक गोष्ट मला खटकायची. सालेकशाच्या फलाटावर आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, शेजारी तान्हं मूल घेऊन एक बाई येऊन बसली. काकाजी तडक उठले आणि फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. ती बिचारी ओशाळली. मला त्यांचा राग आला. कचारगडच्या यात्रेआधी आठ दिवस ते दरेकशाच्या स्टेशनपासूनची पायवाट साफ करायला राबायचे, काटा म्हणून ठेवायचे नाहीत, आणि लोक लेकराबाळांना घेऊन यायला लागले की रजा टाकून चिचगडकडे मावसभावाच्या शेतावर निघून जायचे. मी एकदा चिडून विचारलं, तुम्हाला माणसांचा एवढा कंटाळा आहे का? तेव्हा त्यांनी सांगितलं. पिंपळ काढणाऱ्याची सावली लहान लेकरावर पडू नये. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मुलाच्या घरी जे झालं त्यानंतर त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

मुलगा गोंदियाला राइस मिलमध्ये सुपरवायझर. लग्न झालं, सुनेला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात मूल गेलं. दुसऱ्या वेळी तेच झालं. डॉक्टरांनी काहीतरी कारण सांगितलं होतं, पण सुनेच्या माहेरच्यांनी दुसरं सांगितलं, की सासरा पिंपळ कापत हिंडतो आणि वर डॉक्टरांना विचारता? मुलाने बापाला काम सोडायला सांगितलं. काकाजींनी सोडलं नाही. त्यांच्याशिवाय ते करणारं कोणी नव्हतं, आणि भिंत ढासळली की गाडीतली माणसं काय पिंपळाला विचारून मरतील का, असं त्यांनी मुलाला विचारलं. मुलाने येणं बंद केलं. हे सांगताना काकाजींचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त कपबशी त्यांनी दोनदा विसळली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात ते ऑफिसात आले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं. सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, पाचवा महिना पार पडला होता. मुलाचा फोन आला होता, इतक्या दिवसांनी. एवढं बाळंतपण होईपर्यंत तरी पिंपळाला हात लावू नका, मूल नीट झालं तर बारशाला बोलवीन, असं तो म्हणाला होता. काकाजी दारातच उभे राहून म्हणाले, “बाई, तेवढं होऊन जाऊ द्या. मग म्हनान ते काढतो.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दरेकशाच्या अंगाला एका पुलाच्या बाजूच्या भिंतीत तेव्हा मनगटाएवढा पिंपळ होता. मेटच्या टोळीने वर्षानुवर्षं विंचरलेला, आणि काकाजींनी त्या उन्हाळ्यात काढायचा ठरवलेला. भिंतीला तडा होता, आणि तडा वाढतोय की नाही हे कळावं म्हणून त्याच्यावर मी काचेची पट्टी चिकटवून ठेवली होती. भिंत हलली की काच तडकते, एवढंच साधं ते. काकाजींना हो म्हटल्यानंतर पंधरवड्याने मी गेले तर काच मधोमध तुटलेली. पावसाळा तोंडावर आलेला. पाणी त्या तड्यात शिरलं असतं तर काय झालं असतं, ते मला गणिताने सांगता आलं असतं.

टोळीला विचारण्यात अर्थ नव्हता. काकाजींना सांगितलं असतं तर ते आले असते, आणि म्हणूनच मी सांगितलं नाही. स्टोअरमधून करवत घेतली आणि भर दुपारी मीच गेले. रुळाजवळ एकट्याने काम करायला मनाई, म्हणून मेट शिट्टी आणि लाल झेंडी घेऊन बरोबर आला. पण तो माझ्याकडे पाठ करून बसला. गाडी येते का तेवढं पाहीन, तुम्ही काय करता ते मी पाहिलं नाही, असं त्याने आधीच बजावलं. दोन तास लागले. हाताला फोड आले, चीक चिकटला. मला अभिमान वाटला, खरं सांगते. मी मानत नाही, मला काही होत नाही, आणि काकाजींचं नातवंड वाचतंय, म्हणजे सगळ्यांचंच भलं, असा माझा हिशेब होता. राहिलेल्या मुळात काय करायचं ते मला नीट येत नव्हतं. वरून सिमेंट थापलं आणि आले. मेटला कोणाला सांगू नको म्हटलं, तर तो म्हणाला, काय सांगू नको?

काकाजी त्या पुलाकडे फिरकलेच नाहीत. पाहिलं तर हात शिवशिवतील म्हणायचे, आणि आमगावच्या बाजूची कामं मागून घ्यायचे. श्रावणात सुनेला मुलगी झाली. नीट, रडती, अंगाने भरलेली. आठ दिवसांनी ते ऑफिसात पेढे घेऊन आले आणि माझ्याच टेबलापाशी खुर्चीवर बसले, एरवी कधी बसत नसत. बारशाचं बोलावणं आलं होतं. रविवार. सुनेने स्वतः फोनवर या म्हटलं होतं. त्यांनी झबलं-टोपडं आणलं होतं, पिवळं, ते कागदातून काढून मला दाखवलं आणि विचारलं, की मापाचं आहे ना? मला लहान मुलांच्या मापाचं काय कळतं, पण मी आहे म्हटलं. मग म्हणाले, जायच्या आधी पुलावरच्या त्या पिंपळाच्या पाया पडून येतो. त्याला इतके दिवस राहू दिलं म्हणून त्याने हे दिलं.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नका जाऊ, तिकडे चिखल आहे, असं काहीतरी पुटपुटले, आणि ते हसून निघून गेले.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी एकटीच होते. दारात उभे राहिले. “कोन कापलं?”

मी म्हटलं, मी. काचपट्टीचं सांगितलं, तड्याचं सांगितलं, तुम्हाला त्रास नको म्हणून सांगितलं नाही तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग ते खाली जमिनीवर बसले. रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा घाबरलेला होता.

“तुमचं अजून लग्न व्हायचं आहे, बाई. सारंच व्हायचं आहे तुमचं. हे कायले केलं?”

“मी मानत नाही, काकाजी.”

“तुम्ही मानत नाही, हे त्याले कोन सांगितलं?”

त्यांनी मुळाला फुटलेले कोंब पाहिले होते, तांबडे, बोटभर. झाड मेलेलं नव्हतं. आणि मग ते एकदम उभे राहिले आणि त्यांनी मला एक नियम सांगितला. नुसता बुंधा कापणाऱ्याला त्याचा दोष लागत नाही. मूळ जो मारतो, त्यालाच लागतं. झाड अजून जितं आहे, म्हणजे तुम्हाला काही लागलेलं नाही, पण तुमच्याच घावाने ते मेलं तर लागेल. हा नियम आधीपासून होता की त्यांनी तिथल्या तिथे केला, हे मला आजही माहीत नाही. मेटला विचारलं तर त्याने तो कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या पुलावर होते. शुक्रवार होता. मी धावतपळत गेले आणि तिथे उभी राहून त्यांच्याशी भांडले. रविवारनंतर काढा, दोन दिवसांनी काय बिघडतं, बारसं करून या. ते म्हणाले, “हे मनात ठेवून लेकराले मांडीवर घेऊ काय?” मग द्या ते गिरमिट, मीच काढते, असं मी म्हटलं. त्यांनी दिलं नाही. मी ओढून घेतलं असतं तर त्यांच्या हातून सुटलं असतं, एवढी ताकद आता त्यांच्यात नव्हती. मी घेतलं नाही. त्याचं खरं कारण मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ते मूळ नीट मरायला हवं होतं, तो पूल माझा होता, आणि ते काम त्यांच्याइतकं चांगलं कोणाला येत नव्हतं.

भोकं पाडून, हिंग-चुना ठासून, वर सिमेंट लावून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि मला त्यांच्या मोबाइलवरून मुलाला फोन लावून द्यायला सांगितला. त्यांना नंबर दिसत नसे. मी लावून दिला आणि बाजूला झाले, पण ऐकू येतच होतं.

“मी येऊन नाही राहिलो रविवारी,” ते म्हणाले. पलीकडून मुलाने काहीतरी विचारलं. “हो. पुलावरचं. आजच.” मग मुलाचा आवाज आला, त्यात रागही नव्हता. “ठीक है, बाबूजी. मत आना फिर.”

माझ्यासाठी केलं हे त्यांनी मुलाला सांगितलं नाही. मी सांगते म्हटलं तर म्हणाले, तुमचं नाव कायले कोनाच्या घरात? झबलं-टोपडं त्यांनी मेटजवळ दिलं, तो गोंदियाला जाणार होता. सुनेने ते हातात घेतलं आणि पाणी विचारलं, एवढं त्याने येऊन सांगितलं. रविवारी मी काकाजींच्या घरी गेले तर कुलूप होतं. शोधत गेले, तर ते नाल्यात उभे राहून बेशरम कापत होते, आणि त्या दिवशी शिव्या देत नव्हते. मीही पाण्यात उतरले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ती कापली.

पुढे माझी नागपूरला बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर मी पहिला फोन काकाजींना केला. ते खूप खूश झाले. दोघी बऱ्या आहात ना, असं त्यांनी तीनदा विचारलं. मग म्हणाले, “म्हनजे तुम्हाले नाही लागलं.” त्यांच्या आवाजात मी इतकं समाधान कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, बारशाला या. गाडी थेट आहे, मी स्टेशनवर घ्यायला येते, मुलीचं नाव तुम्हीच ठेवा.

“नाही बाई. लहान लेकरापाशी मी येत नाही. तुम्हाले माहीत आहे.”

मी एकदा आग्रह केला. दुसऱ्यांदा करणार होते, तेवढ्यात मांडीवरची मुलगी हलली, आणि मला बरं वाटलं. ते येत नाहीत म्हणून. मी इंजिनियर आहे, मूळ भिंतीचं काय करतं आणि माणसाचं काय करू शकत नाही हे मला ठाऊक आहे, आणि तरीही मला सुटल्यासारखं वाटलं. मी दुसऱ्यांदा या म्हटलं नाही. काकाजींनी थोडी वाट पाहिली. मग “ठेवतो बाई” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.